दुष्काळ म्हणावे की टंचाई?

एकच शब्द वर्तमानपत्राच्या एकाच अंकात किती वेगवेगळ्या धिटाईने वापरला जातो हे पाहावयाचे असेल, तर पावसाने दगा दिलेल्या एखाद्या वर्षातला मराठवाड्यातील कोणताही अंक चाळावा. क्रीडापानावर एखादा फलंदाज ओळीने चार डावांत अपयशी ठरला की त्याच्या वाट्याला 'धावांचा दुष्काळ' येतो. पुरवणीतील समीक्षकाला नव्या कथेत 'कल्पनांचा दुष्काळ' दिसतो. राजकीय स्तंभात 'नेतृत्वाचा दुष्काळ' असतो. या सर्व ठिकाणी शब्द बिनदिक्कत येतो. त्यासाठी कोणाच्या परवानगीची, परिपत्रकाची वा पंचनाम्याची वाट पाहिली जात नाही. परंतु जिल्हा वार्तापत्राच्या पानाकडे वळले, की हाच शब्द एकाएकी बिचकू लागतो. जिंतूरच्या माळावरची तूर वाळते, पालमच्या विहिरी तळ गाठतात, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे नेहमीपेक्षा लवकर उसाच्या तोडीवर निघून जातात. आणि बातमीत छापले जाते ते 'पाणीटंचाई', 'चाराटंचाई', 'टंचाईच्या झळा', 'दुष्काळाचे सावट', 'दुष्काळाची छाया', फार तर 'दुष्काळसदृश परिस्थिती'. दुष्काळ जेथे खरोखर पडतो तेथेच त्याचे नाव घेण्याचा संकोच व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या संकोचाचा दोष केवळ वार्ताहराला देणे अन्यायाचे होईल. त्याने वापरलेला शब्द बहुधा तहसील कचेरीच्या पत्रकातून आलेला असतो आणि कचेरीचा शब्द कायद्यातून. म्हणून एका साध्या, घरोघर बोलल्या जाणाऱ्या शब्दाची ही कथा मुळापासून पाहिली पाहिजे.

व्याकरणातला भेद

'दुष्काळ' आणि 'टंचाई' हे समानार्थी शब्द आहेत असा एक सर्वसाधारण समज आहे. दोघांत फरक असलाच तर तो तीव्रतेचा, असे मानले जाते. मराठी भाषा मात्र या दोन शब्दांना वेगळ्या रीतीने वागवते. टंचाई नेहमी कशाची तरी असते: पाण्याची, चाऱ्याची, रॉकेलची, सुट्या नाण्यांची. दुष्काळाला अशा षष्ठीची गरज लागत नाही. 'यंदा दुष्काळ आहे' एवढे वाक्य पुरेसे होते, कारण 'दुः' म्हणजे वाईट आणि 'काळ' म्हणजे काळ. वाईट झालेला असतो तो काळच. त्याचा विरुद्धार्थी शब्द सुकाळ. टंचाईचा विरुद्धार्थी शब्द शोधू गेल्यास 'मुबलकता' हाती लागते, आणि ती वस्तूंची असते.

क्रियापदेही तशीच बोलकी आहेत. दुष्काळ 'पडतो'. टंचाई 'भासते', 'जाणवते' किंवा 'निर्माण होते'. पडणारी गोष्ट माणसाच्या डोक्यावर पडते. भासणारी गोष्ट खरोखर असते की नाही, याविषयी भाषाच थोडी शंका ठेवते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर टंचाई हा बाजाराचा शब्द आहे: मागणीच्या मानाने पुरवठा कमी. टँकर आला, चाऱ्याचा ट्रक आला, की ती मिटते. दुष्काळात मात्र पुरवठा कमी होण्याबरोबरच माणसाची क्रयशक्ती कोसळते. पीक गेलेल्या शेतकऱ्याकडे विकण्यास काही नसते, त्याच्या शेतावरील मजुराला काम नसते, मजुरी नसल्याने गावातील दुकानदाराची उधारी थकते, आणि बाजारात ज्वारीची पोती दिसत असूनही ती घेण्याची ऐपत उरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच सिद्धांत मांडला: अन्न कमी असणे ही एक गोष्ट आणि अन्नावर माणसाचा हक्क न उरणे ही दुसरी. 'टंचाई' पहिल्या गोष्टीविषयी बोलते. दुसरीसाठी मराठीत 'दुष्काळ' हाच शब्द आहे.

एक शब्द कायद्यातून गेला

इंग्रजी राज्यात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत इंग्रजी शब्द होता 'फॅमिन'. इंग्रजीत अवर्षणाला 'ड्रॉट' आणि अन्नान्नदशेला 'फॅमिन' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठी माणसाने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला; दुर्गादेवीचा तोही दुष्काळ आणि बाहत्तरचा तोही दुष्काळच. पुढच्या सगळ्या गोंधळाचे एक मूळ या ठिकाणी आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ साली, राज्याच्या विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा वगळणे हाच त्याचा हेतू होता आणि त्याच्या नावातही तो स्पष्ट लिहिलेला आहे. तिच्या जागी 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द आला. यामागची भूमिका अशी: राज्य सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीची व्यवस्था करते, सबब जुन्या अर्थाचा दुष्काळ उद्भवण्यास आता वावच राहिलेला नाही. नव्या राज्याच्या आत्मविश्वासाचा तो काळ होता आणि त्या भूमिकेमागे एक प्रामाणिक आकांक्षाही होती. भुकेने माणूस मरू द्यावयाचा नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. पण प्रतिज्ञा पाळण्याआधीच ती पूर्ण झाल्याचे कायद्यात लिहून ठेवले गेले, आणि मराठीत भाषांतर होताना 'फॅमिन'बरोबर 'दुष्काळ'ही सरकारी कागदावरून मागे सरला. तेव्हापासून टंचाई आराखडा, टंचाई शाखा, टंचाई निवारण हे शब्द कचेऱ्यांत रूढ झाले आणि तेथून बातम्यांत उतरले.

बाहत्तरची साक्ष

कायदा होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच १९७२-७३ उजाडले. त्या वर्षीच्या आठवणी मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी आहेत: खडी फोडण्याची केंद्रे, पाझर तलावांची आणि नाला बांधांची कामे, वाटली जाणारी सुकडी, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. सरकारी कागदांवर ती टंचाईची कामे असली, तरी कामावर जाणारा माणूस 'दुष्काळी कामावर' जात होता. आजही कोणी 'बाहत्तरची टंचाई' असे म्हणत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यात स्थापन झाले. म्हणजे या विभागाला शेतीचे शास्त्र शिकविणारी संस्था आणि शेतीच्या सर्वनाशाचे वर्ष हातात हात घालूनच आले.

त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय राज्याला दिलेच पाहिजे. पण ते श्रेय शब्द बदलण्याचे नव्हते, मजुरी देण्याचे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ मध्ये कायद्यात रूपांतरित झाली, २६ जानेवारी १९७९ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली, आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिने वाट दाखविली. या योजनेच्या खर्चासाठीच १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारपत्रकात दरमहा दिसणारी ती लहानशी वजावट म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळाची आजवर चालत आलेली खूण आहे. ज्याच्या पगारातून दुष्काळासाठी पैसे कापले जातात, त्याने दुष्काळाला दुष्काळ म्हणण्यास कचरू नये.

'सदृश'चा अलंकार

शाळेत उपमा अलंकार शिकविताना उपमेय आणि उपमान या दोन भिन्न वस्तू असाव्या लागतात असे सांगतात. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणताना मुख म्हणजे चंद्र नव्हे, हे गृहीत असते. 'दुष्काळसदृश' हा शब्दही अशीच उपमा आहे. परिस्थिती दुष्काळासारखी आहे असे म्हणणे म्हणजे ती दुष्काळ नाही असे सांगणे होय. काव्यात ही उपमा निरुपद्रवी ठरली असती. शासन निर्णयात आली की तिचा हिशेब रुपयांत करावा लागतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात हे उघड झाले. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेण्याची वेळ आली होती आणि त्या दृश्याने साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. तरीही शासन निर्णयांत शब्द होता 'दुष्काळसदृश'. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर गेला, आणि मे महिन्यात राज्य सरकारने सांगितले की, आधीच्या निर्णयांत जेथे 'दुष्काळसदृश' आहे तेथे 'दुष्काळ' असे वाचावे. २९ हजारांहून अधिक गावे या दुरुस्तीने दुष्काळग्रस्त ठरली. त्या दिवशी एकही विहीर नव्याने आटली नव्हती, एकही शेत नव्याने करपले नव्हते. बदलला तो केवळ एक शब्द, आणि तोही खरीप बुडाल्यानंतर सहा-सात महिन्यांनी.

योगायोग असा की, त्याच २०१६ सालच्या प्रारंभी भारतीय हवामान विभागाने आपल्या परिभाषेतून 'ड्रॉट' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी पावसाच्या तुटीची वर्णने स्वीकारली. शास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. हवामान विभागाने पाऊस मोजावा. दुष्काळ हा पावसाबरोबरच जमीन, पीक, पाणी आणि कर्ज यांचाही विषय आहे. पण परिणाम पाहिला तर, आकाशाकडे पाहणारे खाते म्हणते दुष्काळ ठरविणे आमचे काम नव्हे, आणि जमिनीकडे पाहणारे खाते म्हणते परिस्थिती केवळ सदृश आहे. मधल्या पोकळीत शेतकरी उभा असतो.

नंतर केंद्राच्या नव्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे 'मध्यम' आणि 'गंभीर' अशा श्रेणी आल्या. त्यांनुसार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात प्रथम १८० तालुके दुष्काळसदृश ठरले आणि महिनाअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांतील १४ मराठवाड्यातील होते. परभणी जिल्ह्याच्या ९ तालुक्यांपैकी मात्र एकही त्या यादीत नव्हता. पुढे नोव्हेंबरात, जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेली राज्यातील सुमारे हजारभर महसूल मंडळे 'दुष्काळसदृश' ठरविण्यात आली. परभणीला या दुसऱ्या पंक्तीत जागा मिळाली. सवलती या मंडळांनाही लागू झाल्या; पण केंद्राकडे मदतनिधीचा प्रस्ताव गेला तो ४० तालुक्यांचा. सेलू किंवा मानवतच्या वाचकाने त्या दिवसांतील वर्तमानपत्र वाचताना 'दुष्काळ' आणि 'दुष्काळसदृश' यांतील अंतर किती हे विचारले असते, तर एवढेच उत्तर देता आले असते: दिल्लीपर्यंतचे.

तारखांचे अर्थशास्त्र

या शब्दावर प्रत्यक्षात काय अवलंबून असते? दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जांचे पुनर्गठन होते, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट मिळते आणि थकबाकीसाठी पंपांची वीज तोडली जात नाही, रोजगार हमीच्या कामांचे निकष सैल होतात, आवश्यक तेथे टँकर येतो. आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते. ही शेवटची बाब किरकोळ वाटते. पण परीक्षेचा अर्ज भरण्याच्या खिडकीवर उभा असलेला विद्यार्थी, त्याचे पैसे घेणारा कारकून आणि त्याच्या गैरहजेरीची नोंद करणारा शिक्षक या तिघांनाही तिचे मोल ठाऊक असते. शुल्क भरून झाल्यावर माफी जाहीर झाली, तर ती परताव्याच्या अर्जांत आणि बँक खात्याच्या चौकशीत अडकते.

येथे प्रश्न तारखांचा येतो. गावाची पैसेवारी ही जुन्या आणेवारीची वारस. प्रमाण उत्पन्नाशी यंदाच्या उत्पन्नाची तुलना करून ती ठरते, आणि ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईच्या हिशेबात येते. प्रथम नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी वर्षअखेरीस अंतिम. एकोणपन्नास पैशांचे गाव सवलतीत आणि एक्कावन पैशांचे गाव बाहेर. मध्ये फक्त बांध असतो. शिवाय अंतिम आकडा येतो तोवर सोयाबीन हंगाम संपून व्यापाऱ्याकडे गेलेले असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीपूर्वीच निघून गेलेल्या असतात. टोळीबरोबर मुलेही जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर दुष्काळाची नोंद शासनाच्या आधी होते.

सरकारची बाजू

शासनाच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे, आणि ते मांडल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही. दुष्काळ जाहीर करणे म्हणजे खजिन्यावर बोजा स्वीकारणे. निकष नसतील तर ज्या तालुक्याचा पुढारी वजनदार, त्या तालुक्यात दुष्काळ, असे घडेल. त्याची उदाहरणे पुरेशी आहेत. पी. साईनाथ यांच्या पुस्तकाचे 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे मराठी नाव उगाच रूढ झालेले नाही. ठेकेदार, टँकरमालक आणि छावणीचालक यांना दुष्काळ हवासा वाटतो हे कटू असले तरी खरे आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात दुष्काळ असल्याची हाकाटी वृत्तपत्रांनी केली, तर खऱ्या वर्षी त्या शब्दाकडे कोणी लक्ष देणार नाही, हाही आक्षेप चुकीचा नाही.

पण या युक्तिवादात दोन प्रकारच्या चुका एकाच मापाने मोजल्या जातात. गरज नसताना मदत दिली जाणे ही एक चूक. तिची किंमत पैशात असते आणि ती सर्व करदात्यांत वाटली जाते. गरज असताना मदत नाकारली जाणे ही दुसरी. तिची किंमत एका कुटुंबाला विकलेल्या बैलात, सुटलेल्या शाळेत आणि सावकाराच्या कागदात भरावी लागते, आणि ती परत मिळत नाही. दोन चुकांपैकी एक टाळता येणार नसेल, तर कोणती पत्करावी हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उलट घडले. गोदावरीसह नद्यांना पूर आले, पिकांबरोबर मातीही खरवडून गेली आणि 'ओला दुष्काळ' जाहीर करण्याची मागणी झाली. उत्तर आले की संहितेत असा शब्दच नाही. मात्र दुष्काळातील सवलती लागू केल्या जातील. ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत योजना जाहीर झाली. येथे सरकारने शब्द नाकारला, पण त्याचा आशय मान्य केला. संहितेत नसलेला हा शब्द लोकांनी घडविला, कारण त्यांच्या लेखी दुष्काळ म्हणजे पावसाचा आकडा नसून वाया गेलेले वर्ष होय.

वृत्तपत्राचे काम

१९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, तेव्हाही तेथील सरकारने दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केला नव्हता. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राने २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावरील भूकग्रस्तांची छायाचित्रे छापली. सरकारी मौनाला त्या छायाचित्रांनी छेद दिला. स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाही देशात मोठे दुष्काळबळी पडत नाहीत, हे सेन यांचे प्रसिद्ध मत अशा अनुभवावरच उभे आहे. याचा व्यत्यासही ध्यानात घ्यावा: वृत्तपत्राने सरकारी शब्दच उचलला, तर त्या संरक्षणाचा एक खांब आपसूक खचतो.

यासाठी बातमीदाराने आक्रोश करावा असे नाही. तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, शब्द कोणाचा हे सांगणे: 'प्रशासनाच्या मते टंचाई, गावकऱ्यांच्या मते दुष्काळ' असे लिहिण्यात कोणाचा अपमान नाही. दुसरी, शब्दाबरोबर आकडा देणे: मंडळात पाऊस किती, पैसेवारी किती, टँकर किती, रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजूर किती. तिसरी, तारीख विचारणे: निर्णय कधी झाला आणि परीक्षेचा अर्ज, कर्जाचा हप्ता व ऊसतोडीचा हंगाम यांच्या आधी झाला की नंतर. या तीन गोष्टी बातमीत असतील, तर 'सावट' आणि 'छाया' यांची गरज फारशी उरणार नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. भुकेल्यांसाठी त्यांनी बादशाही कोठार उघडले ते कोणत्याही जाहीरनाम्याची वाट न पाहता, आणि लोकांनी त्या वर्षाला दुष्काळ म्हटले तेही कोणाला न विचारता. आज कोठार उघडण्याचा अधिकार शासनाकडे आहे, आणि तो तेथेच असावा. वर्षाला नाव देण्याचा अधिकार मात्र लोकांनी कोणाकडे गहाण ठेवलेला नाही. परभणीच्या बाजारात ज्वारीचे पोते घ्यायला आलेला आणि भाव ऐकून परत फिरणारा माणूस तो शब्द रोज उच्चारतो. तो जसाच्या तसा छापण्यास शासन निर्णयाची गरज नाही.